अध्यक्षांच्या हातची घंटी

मी एक जुनी पितळी घंटी आहे. टेबलावर बसते. डोक्यावरची कळ दाबली की माझ्या पोटातला हातोडा उडतो. माझा जन्म रायपूरच्या गोलबाजारातल्या एका कासाराच्या दुका—

टण्ण!

वाईट वाटलं ना, मित्रांनो? वाक्य अर्धवट कापलं की असंच वाटतं. जन्माचं राहू द्या. कामाचं सांगते.

इथल्या एका विद्यापीठात दरवर्षी पौर्वात्य दर्शनं आणि मुस्लिम विचार यांवर व्याख्यानमाला होते. वक्त्याची वेळ संपली की अध्यक्षांनी मला वाजवायचं, एवढंच माझं काम. सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. "क्या खनक है!" असं म्हणत शिपाई भैय्यालाल मला चिंचेने घासून लख्ख करायचा. एरवी वर्षभर मी कपाटात, वाळलेल्या हारांखाली. तरी माझी तक्रार नव्हती.

मग यज्ञेश्वर सर कायमचे अध्यक्ष झाले.

व्याख्यानं हिंदीत व्हायची. टोमणे मात्र सर मराठीतून मारायचे. रायपुरातल्याच गुढियारीत रेल्वेवाल्यांच्या घरात वाढलेली नीलिमा इथे दर्शनशास्त्र शिकवते. तिचा प्रश्न एकच: एका गोष्टीमुळे दुसरी घडते, हे आपण कशावरून म्हणतो? त्यावर आधी बौद्ध आचार्य काय म्हणाले ते ती सांगायची. ते सर ऐकून घेत. ती बगदादच्या मुस्लिम विचारवंतांकडे वळली की—

टण्ण!

"नीलिमाबाई, बुद्धापर्यंत बरं चाललं होतं. आता बगदादले काहून निघाल्या? गाडी चुकंल ना तुमची!"

पहिली रांग हसायची. नीलिमा कागद गोळा करून खाली उतरायची. वेळ अजून शिल्लक असायचा.

दरवर्षी हेच. बोट त्यांचं आणि बदनाम मी! मागच्या रांगेतले पोट्टे मलाच शिव्या द्यायचे. मी राग साठवत गेले. पितळेत राग छान टिकतो, मित्रांनो.

यंदा सरांनी आधीच बजावलं, "तुमचा विषय पुरा होतच नाही. पुढच्या वर्षीपासून मुस्लिम विचार काढूनच टाकू."

"मले एकदा पुरं बोलू द्या सर, मग काढा," नीलिमा म्हणाली.

ती उभी राहिली. बौद्ध आचार्यांचं सांगून झालं. ती बगदादकडे वळली. सरांचं बोट माझ्या डोक्यावर आलं. ठोकून ठोकून माझा हातोडा त्यांनीच सैल केला होता. तरी मी जोर लावला असता, तर एकदा वाजले असते.

नाही लावला.

सरांनी पुन्हा दाबलं. तळव्याने मारलं. मला उचलून कानाशी हलवलं.

"सर, घंटी तो बैठ गई," भैय्यालाल दारातून ओरडला.

या वेळी शेवटची रांग हसली, मग मधली, मग पहिली.

नीलिमा हसली नाही. तिने माझ्याकडे हात केला. "बटन दबा, आवाज नहीं आई. हम मान बैठे थे कि आएगी ही. बगदाद में यही सवाल पूछा गया था."

तिने तिचं शेवटचं वाक्यसुद्धा संपवलं. तोवर सर माझ्याकडे बघत बसून राहिले. मला किती गोड वाटलं म्हणून सांगू! क्षमा मोठ्या माणसांना शोभते. मी पितळेची आहे.

विभागाची बैठक झाली. विषय कायम राहिला. पुढच्या वर्षी अध्यक्ष नीलिमा, आणि निवृत्त होणाऱ्या यज्ञेश्वर सरांचं निरोपाचं व्याख्यान.

म्हणून एक विनंती, मित्रांनो. जुन्या वस्तू भंगारात टाकू नका. त्यांना तेल द्या, हातोडा नीट बसवा. त्यांचीही काही कामं उरलेली असतात.

भैय्यालालने मला दुरुस्त करून आणलं, लख्ख घासलं आणि टेबलावर ठेवलं. "मॅडम, सर को कितने मिनट में बजाना है?"

"बजाना ही नहीं, भैया. सर को पूरा बोलने दीजिए."

"हव," भैय्यालालने होकाराची मान डोलावली.

मी हव म्हटलेलं नाही.