झाकलेलं ताट

"झोपला बघ परत. अजून बायबल उघडलं नाही तोवर."

मागच्या बाकावरून थोरल्या बहिणीचा, लोसेचा आवाज थेट सेमिसीच्या मानेवर येऊन आदळला. ती शेजारणीशी कुजबुजत होती, पण लोसेची कुजबूज चार बाकांना पुरायची.

"आणि पावाचा वास कसला मारतोय. देवालासुद्धा भूक लागायची."

सेमिसी झोपला नव्हता. डोळे मिटून तो मनात एक साधंसं वाक्य जुळवत होता आणि ते जुळत नव्हतं. टोंगात बहिणीला उलट बोलायची रीत नाही. तो नुसता सावरून बसला आणि चर्चसाठी मान म्हणून कमरेला गुंडाळलेली चटई नीट केली.

उद्या सकाळच्या विमानानं त्याची धाकटी मुलगी, इलिसाने, ऑकलंडला निघाली होती. सहा महिन्यांसाठी. घरात सगळे 'सहा महिने, सहा महिने' म्हणत होते आणि म्हणताना दुसरीकडं बघत होते. त्याच्या बायकोनं, लाताईनं, मुलीच्या सामानात स्वतःच्या लग्नातली बारीक विणीची चटई घडी करून घातली होती. असली चटई लग्नाला, मयताला नाहीतर कायमच्या निरोपालाच घरातून बाहेर पडते, हे या बेटावर शेंबड्या पोरालाही कळतं. सेमिसीनं ती पाहिली होती. विचारलं मात्र नव्हतं.

रविवारी अख्खं बेट दारं लावून बसतं. दुकान नाही, बाजार नाही, अंगणात कुणी खिळा ठोकला तरी शेजारी खाकरतो. चालतो तो फक्त पाव. फार वर्षांपूर्वी एका वादळानं शेतं झोपवली, तेव्हा बेकऱ्यांना रविवारी दार उघडायची मुभा मिळाली आणि मग ती कुणी परत घेतलीच नाही. दुपारी चार वाजले की माणसं चर्चच्या कपड्यांतच रांग लावतात. सगळ्यांच्या सुट्टीला गरम पाव हवा, म्हणजे कुणाची तरी सुट्टी जाणारच. ती बेकरीवाल्या सेमिसीची गेली. बावीस वर्षं.

चर्च सुटलं की घरोघरी उमूतून, म्हणजे खड्ड्यातल्या तापल्या दगडांवरून, वाफाळतं जेवण निघायचं. अळूच्या पानांत बांधलेलं मांस, नारळाचं दूध, भाजलेले कंद. सेमिसी प्रार्थनेपुरता टेकायचा आणि आमेन म्हणताना चपला शोधायचा. मागून त्याचं ताट केळीचं पान झाकून, फडक्यात बांधून बेकरीत जायचं. ते न्यायचं काम इलिसानेकडं होतं, सात वर्षांची असल्यापासून. लहान असताना एकदा तिनं विचारलं होतं, "बाबा, तुम्ही कधी बसून जेवणार?" तो म्हणाला होता, "पुढच्या रविवारी. हे सगळं तुमच्यासाठीच चाललंय ना?" मे महिन्यात मुलं पांढऱ्या कपड्यांत चर्चमध्ये वचनं म्हणतात, त्यालाही तो असाच येणार होता. पोचला तेव्हा इलिसाने शेवटची ओळ म्हणून खाली उतरत होती आणि ह्याच्या हातावर पीठ होतं.

म्हणून आजचा बेत त्यानं कुणालाच सांगितला नव्हता. वचन दिलं की मोडायचं, एवढं त्याला स्वतःबद्दल ठाऊक झालं होतं.

चर्चमधून तो आधी बेकरीत गेला. जुना कामगार मोसेसे भट्टी पेटवून बसला होता.

"कणीक तू बघ. मी जरा जाऊन येतो."

"कुठं?"

घरी जेवायला चाललोय, एवढंच सांगायचं होतं. पण बावीस वर्षं न केलेली गोष्ट तोंडातून निघेना. सेमिसीला चक्क लाज वाटली.

"जरा इथंच," म्हणाला आणि खाडीकडच्या वाटेनं घरी आला.

लाताई भांडी आवरत होती. त्याला पाहून तिच्या हातातली डिश निसटता निसटता राहिली.

"अहो, काय झालं? भट्टी पडली का?"

"काही झालं नाही. जेवायला आलोय."

"जेवायला?" लाताई त्याच्याकडं बघत राहिली. "तुमचं ताट तर गेलं. इलिसाने कधीची निघाली मोठ्या रस्त्यानं. जेवलीसुद्धा नाही. म्हणाली, आज बाबांजवळच बसते."

"येईल की परत. मी तिथं नाही म्हटल्यावर येईलच."

"फोन पण इथंच टाकून गेलीय. तुम्हीच जा ना."

"नाही. आज तिकडं पाऊल टाकायचं नाही असं ठरवलंय."

"कमाल आहे," लाताई म्हणाली. "ठरवायलाही आजचाच दिवस सापडला."

तिनं त्याच्यासमोर दोन कंद ठेवले. तो शिवला नाही. मुलीची वाट बघत चटईवर बसला. अंगणातल्या नीरफणसाच्या झाडाखाली वारा चांगला होता. बेट जेवून घोरत होतं. जन्मात पहिल्यांदा सेमिसीचा निश्चय टिकला, आणि त्या निश्चयातच त्याचा डोळा लागला.

जागा झाला तेव्हा उन्हं कलली होती.

तो लगबगीनं गेला, तर बेकरीसमोर नेहमीसारखी रांग होती. आणि फळीमागं इलिसाने उभी होती. चर्चचा निळा झगा, कोपरापर्यंत पीठ.

"काका, दोन म्हणालात ना? मग तिसऱ्याला का हात घालता?" ती एकाला दटावत होती. सेमिसीला पाहून तिनं फक्त भुवया उंचावल्या. "झाली का झोप? या, पाव काढा."

तो भट्टीतून पत्रे ओढत होता, ती पाव गुंडाळून देत होती. न बघता ती हात मागं करी आणि त्या हातात पाव पडे. तिचा हात असा बसलेला पाहून सेमिसीला आधी अभिमान वाटला. मग वाटलं, कधी शिकली ही? शिकताना तर आपण पाहिलंच नाही. पाहायला आपण इथंच होतो.

रांग संपली. मोसेसेनं दार लोटलं.

"मला काय ठाऊक तू कुठं गेलास?" मोसेसे जाता जाता कुरकुरला. "मी तिला म्हटलं, बस, येईलच तो. हा माणूस कधी कुठं गेलाय का?"

पिठाच्या पोत्यावर ताट तसंच होतं, फडक्याची गाठही सुटलेली नव्हती.

"तू काहीच खाल्लं नाहीस?" सेमिसीनं विचारलं.

"तुमच्या ताटातलं?" इलिसाने हसली. "लोसेआत्या उभी चिरेल मला. बापाच्या ताटातलं पोरांनी खायचं नसतं. इतकी वर्षं भुकेल्या पोटी हे आणलं, एक घास नाही चोरला."

त्यानं गाठ सोडली. पान काळवंडलं होतं, नारळाचं दूध गोठून पांढरं पडलं होतं. त्यानं आधी काही न खाता मांसाची पुरचुंडी मोडली आणि अर्धी तिच्यासमोर धरली.

"बाबा, हे चालत नाही."

"मी अजून तोंड लावलेलं नाही. अजून हे माझं झालेलं नाही. खा."

ती पोत्यावर त्याच्या शेजारी बसली. दोघं गार जेवण जेवू लागली. तोंडी लावायला गरम पाव होता.

"घरी वाट बघत होतो मी," थोड्या वेळानं तो म्हणाला.

"मी इथं."

"हो."

"बाबा, सहा महिने काय, असे जातील..." ती घाईघाईनं म्हणाली आणि पावाचा तुकडा मोडत बसली.

सेमिसीनं बोटं फडक्याला पुसली. सकाळपासून जुळवत होता ते वाक्य आता आपोआप आलं.

"इलिसाने, सहा महिन्यांसाठी कुणी आईची चटई नेत नाही. तू परत यायची नाहीस." त्यानं उरलेली पुरचुंडी तिच्याकडं सरकवली. "तुझ्या जागी मी असतो, तर मीही आलो नसतो."