लाल कडेची पाकिटे

मी एक जुनी टपालपेटी आहे, मित्रांनो, हे खरे तर मी सांगायला नको. माझा उडालेला निळा रंग आणि डाव्या बिजागरीची कुरकुर ते माझ्याआधीच सांगून टाकतात. एका तीन मजली घरात, जिन्याखालच्या भिंतीवर मी टांगलेली आहे. दुपारी तासभर ऊन इथे येऊन बसते आणि काही न बोलता उठून जाते. मीही तशीच. लोकांचे शब्द पोटात ठेवायचे आणि गप्प राहायचे, हेच माझे काम. त्या गप्प राहण्याचे मला एकदा फार ओझे झाले होते.

पत्र्याचे काम करणाऱ्या एका कारागिराने तेलाच्या रिकाम्या पिंपापासून मला घडवले. पत्रे टाकायच्या फटीची धारदार कड त्याने आतल्या बाजूला मुडपली आणि हलक्या हाताने ठोकून सपाट केली. "इथं रोज कुणाची तरी बोटं जाणार," असे तो स्वतःशीच पुटपुटला होता. माझ्या जन्माची तेवढीच आठवण मला आहे, आणि ती मला पुरते.

घराच्या थोरल्या मालकांनी मला एक छोटी काच बसवून घेतली. आत पत्र आले आहे की नाही, हे त्या काचेतून कळावे. कुलूप एक, किल्ली एक, आणि ती मालकांच्या खिशात. भाडेकरूंची पत्रे टपालवाले त्यांच्या हातात देत. माझ्याकडे येत ती मालकांची पत्रे आणि घराच्या विजेची बिले. सगळ्या घराला मीटर एकच होते. भाडेकरू भाड्याबरोबर विजेचे पैसे मालकांना देत आणि बिल मालक भरत. थोरले मालक गावाच्या दुसऱ्या टोकाला राहत, पण दर आठवड्याला येत, आणि जिना चढण्याआधी मला उघडत. बिजागरीत तेलाचा थेंब सोडत. ते माझे सुखाचे दिवस होते.

त्या काळी या गल्लीत टपाल वाटायला एक बाई येत असत. सगळे त्यांना टपालमावशी म्हणत. दिवसभरात शेकडो पेट्यांत हात घालून त्यांची बोटे चिरलेली असायची. माझ्या फटीत हात घालताना त्या म्हणायच्या, "गल्लीत एवढी एकच पेटी शहाणी. चावत नाही." मित्रांनो, मला तेव्हा फार लाजल्यासारखे व्हायचे. निवृत्त झाल्यावर मावशींनी याच घरात तळमजल्याची खोली भाड्याने घेतली. त्यांचे दार माझ्या अगदी समोर उघडते.

पहिल्या मजल्यावर पुस्तकांची बांधणी करणारे एक गृहस्थ, बांधणीकाका, राहतात. ते इतके हळू बोलतात की त्यांचे शब्द ऐकायला जिनासुद्धा वाकतो असे मला वाटते. त्यांची आठ वर्षांची मुलगी, चिमणी, हिला रोज इन्सुलिनची सुई घ्यावी लागते. औषधाच्या बाटल्या त्यांच्या छोट्या फ्रिजमध्ये, लोण्याच्या डब्यामागे असतात. दुसऱ्या मजल्यावर केशकर्तनालय चालवणारे दादा राहतात. ते दिवसभर दुकानात बोलतात आणि उरलेले घरी येऊन बोलतात.

चिमणीला तिकिटे जमवण्याचा नाद. एकदा वडिलांची कागद दुमडायची हाडाची पट्टी माझ्या फटीत घालून ती एक पाकीट वर ओढत होती. मावशी दारातच उभ्या.

"काय चाललंय गं?"

"मी वाचणार नाहीये काही! फक्त तिकीट."

"दुसऱ्याच्या नावाचं पाकीट म्हणजे दुसऱ्याचं बंद दार. आत डोकावायचं नाही आणि कडीलाही हात लावायचा नाही. मी तीस वर्षं हेच पाळलं."

चिमणीने पट्टी मागे घेतली. त्या दिवसापासून तो साऱ्या घराचा नियम झाला. पुढे जे घडले ते याच सज्जनपणामुळे घडले, म्हणून हे सांगितले.

थोरले मालक गेले आणि त्यांचे चिरंजीव भाडे घ्यायला येऊ लागले. दर महिन्याच्या एक तारखेला ते खालच्या पायरीवर बसत, भाडे आणि विजेचे पैसे घेत आणि म्हणत, "बिलाचं मी बघतो." सुरुवातीला ते मला उघडत. मग एके दिवशी त्यांनी एक पाकीट फोडले, वाचले, पुन्हा माझ्याच पोटात ठेवले आणि कुलूप लावले. त्यानंतर ते माझ्यासमोरून जाताना रुमालाने कपाळ पुसत जात. ज्याला उत्तर द्यायचे नसते तो पत्र उघडत नाही, हे मला तेव्हा कळले.

पाकिटे येत राहिली. आधी पांढरी, मग लाल कडेची. माझ्या काचेतून ती लाल रेघ दिसायची. मावशींनी अशी पाकिटे उभ्या जन्मात हजारो वाटली होती. त्या रेघेचा अर्थ त्यांना पाठ होता. एका एक तारखेला त्यांनी विषय काढला.

"मालक, पेटीत बरंच साचलंय हो."

"जाहिराती, मावशी. हल्ली काय, कुणीही काहीही टाकतं."

मावशींनी भाडे मोजून दिले. ते गेल्यावर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "जाहिरातीला लाल कड नसते गं." मी काय बोलणार? घरावरचे संकट माझ्या पोटात होते, आणि मला फक्त एक फट होती. तीही आत घेण्यासाठी.

उन्हाळ्यातल्या एका सकाळी वायरमन आला आणि त्याने जिन्याखालच्या मीटरची वायर सोडवली. वरचे पंखे थांबल्याचे मला शांततेवरून कळले. तिन्ही दारे उघडली.

"अहो, काय करताय?" दादांच्या एका गालाला साबण तसाच होता.

"सहा महिन्यांचं बिल थकलंय. तीन नोटिसा दिल्यात."

"कुणाला?"

वायरमनने माझ्याकडे बोट दाखवले. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मला भिंतीतून मागे सरकावेसे वाटले.

"आम्ही तर दर महिन्याला पैसे देतो," बांधणीकाका म्हणाले. मग त्याहूनही हळू, "फ्रिजमध्ये पोरीचं औषध आहे."

औषध दोन महिन्यांचे होते, कालच आणलेले. दादांनी वरून मातीचे मडके आणले, त्यात ओली वाळू भरली आणि बाटल्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून मधोमध ठेवल्या. चिमणी त्या मडक्याशेजारी पुठ्ठ्याने वारा घालत बसली. पण या उकाड्यात मडके किती तग धरणार? मालकांचा फोन वाजत राहिला आणि कुणी उचलला नाही.

दादा पेचकस घेऊन आले. "एक झटका दिला की कुलूप निघतंय. बिलं काढू, भरू, मोकळे होऊ. मावशी, तीस वर्षं सगळ्या गावाची पत्रं वाटलीत, आणि एक पत्र उघडवेना तुमच्याच्यानं?"

मावशी माझ्यापुढे उभ्या राहिल्या. एक हात माझ्या कुलपावर. त्यांनी मडक्याकडे पाहिले, चिमणीच्या घामेजल्या मानेकडे पाहिले. त्यांचे बोट माझ्या मुडपलेल्या कडेवरून फिरत होते. मग तो हात खाली आला.

"फोडा," त्या म्हणाल्या. आवाज त्यांचा नव्हताच.

वायरमन शिडीची घडी करत होता. तो थांबला. "पेटी कशाला फोडता? मीटरवर नंबर आहे, तो लिहून घ्या. आमच्या कार्यालयात बिलाची प्रत मिळते. राहणारे तुम्ही, वीज तुम्ही वापरता, भाडेपावती दाखवायची."

"मागितली की देतात?" मावशींनी विचारले.

"देतात की. मागायला कुणी येतच नाही."

मावशी पायरीवर बसल्या. सहा महिने त्या एका बंद दारासमोर उभ्या होत्या, आणि शेजारचे दार उघडेच होते.

कार्यालयात मी जाऊ शकत नव्हते. पण दुपारी परतल्यावर दादांनी सगळे इतक्यांदा सांगितले की मला तोंडपाठ झाले. खिडकीवरच्या बाईंनी थकबाकीचे हप्ते पाडून दिले. पहिला हप्ता तिघांनी मिळून भरला. भाडेकरूंनी बिल भरले तर मालकाला लेखी कळवून तेवढी रक्कम भाड्यातून वळती करता येते, आणि एवढ्या कारणावरून कुणाला घराबाहेर काढता येत नाही, असा तिथला नियम त्यांनी समजावला. बांधणीकाकांनी तर चक्क मोठ्या आवाजात विचारले म्हणे, "हे लिहून द्याल?" आणि बाईंनी छापील पत्रक दिले.

दिवस मावळायच्या आत वायर जोडली गेली. वरच्या फ्रिजची घरघर सुरू झाली. चिमणीने पुठ्ठा खाली ठेवला आणि तिथेच, मडक्याला टेकून झोपली.

मावशींनी मालकांना पत्र लिहिले. एक प्रत रजिस्टरने पाठवली, एक स्वतःकडे ठेवली आणि एक, शिरस्त्याप्रमाणे, माझ्या फटीतून आत टाकली. इतक्या वर्षांनी त्यांच्या हातचे पत्र पुन्हा माझ्या पोटात आले.

एक तारखेला मालक आले. हातात कमी भाडे आणि बिलाची पावती पडताच त्यांचा चेहरा उतरला आणि आवाज चढला.

"घर माझं, मीटर माझं. मला न विचारता?"

"मीटर तुमचंच. पण पैसे आम्ही दोनदा भरले," मावशी म्हणाल्या.

"घर खाली करून घेईन!"

"तेही विचारून आलोय." दादांनी ते पत्रक पुढे केले, आणि नवल म्हणजे आणखी काही बोलले नाहीत.

मावशी म्हणाल्या, "रजिस्टर घेतलंत, फोडलं नसेल. इथं प्रत आहे. उघडा."

किल्ली अडली, माझी बिजागरी ओरडली आणि सगळी पाकिटे त्यांच्या पायांवर सांडली. चिमणीने ती एकेक उचलली, कुणाचेच नाव न वाचता, आणि दोन्ही हातांनी त्यांना दिली. मालक पायरीवर बसले. आधी मावशींचे पत्र वाचले. मग लाल कडेची.

शेवटच्या कागदाची घडी घालत ते म्हणाले, "दुकान बसलं माझं. वाटायचं, पुढच्या महिन्यात भरू. मग पेटी उघडायचीच भीती वाटायला लागली."

"मला सांगायचं होतंत," मावशी म्हणाल्या. "भीतीचं पत्र एकट्यानं उघडू नये. पण पोरीचं औषध होतं हो वर."

मालकांनी पाकिटे खिशात घातली. जुडग्यातून माझी किल्ली काढून मावशींच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "यापुढे बिलं तुम्हीच उघडा."

पुढच्या महिन्यात ते आले तेव्हा खिशातून एक कापलेला कागदाचा तुकडा काढून त्यांनी चिमणीला दिला. मावशींच्या रजिस्टर पाकिटावरचे तिकीट होते ते.

आता मी फार जुनी झाले आहे. बिल आले की चिमणी मला उघडते, पायरीवर उभी राहून ते सगळ्यांना वाचून दाखवते, आणि भरल्याची पावती वडिलांच्या खळीने माझ्या काचेला आतून चिकटवते. येणारा-जाणारा कुणीही ती वाचू शकतो.

मित्रांनो, तुमच्याही जिन्याखाली अशी एखादी पेटी असेल. दुसऱ्याचे पाकीट उघडू नका. मावशींचा तो नियम अजूनही खराच आहे. पण काचेमागे काही साचत चाललेले दिसले तर माझ्यासारखे गप्प राहू नका. मला तोंड नव्हते, तुम्हाला आहे. जाऊन विचारा. आणि जमले तर माझ्यासारखीच्या बिजागरीत तेलाचा एक थेंब सोडा. माझी अजून कुरकुरते.