दुखत नाही म्हणणारा थोरला

दोघं भाऊ एकाच गाडीतून आले, पण आवाज एकाचाच येत होता. धाकट्याचा. त्याला घरी आणि कारखान्यात सगळे भोंगा म्हणत, हे मला नंतर कळलं. पण स्ट्रेचर दारातून आत येईपर्यंत मीही मनात त्याला साधारण तेच नाव ठेवलं होतं. त्याने सगळा वॉर्ड डोक्यावर घेतला. थोरला मागच्या स्ट्रेचरवर छताकडे बघत पडला होता आणि ढकलणाऱ्या माणसाला सांगत होता, "आधी त्याला घ्या. माझं काही नाही."

भाजलेल्यांच्या वॉर्डात नर्स म्हणून मी निम्मं आयुष्य काढलंय. 'माझं काही नाही' म्हणणाऱ्यांची मला भीती वाटते. ओरडणाऱ्यांची मला भीती वाटत नाही. ओरडायला श्वास लागतो, आणि दुखायला कातडीत काहीतरी जिवंत उरावं लागतं.

लाकडी सामानाला पॉलिश करायच्या कारखान्यात थिनरचा डबा पेटला होता. थोरल्याने भावाला दाराबाहेर ढकललं आणि मग स्वतःसाठी वाट शोधली, तोवर दाराला आग लागली होती. हे सगळं भोंग्यानेच सांगितलं, ओरडण्याच्या मधल्या फटींत.

कुणा शहाण्याने त्याच्या हातांना टूथपेस्ट फासली होती. असले शहाणे प्रत्येक कारखान्यात असतातच. ती धुऊन काढताना मी त्या शहाण्याचा मनातल्या मनात उद्धार केला, आणि भोंग्याने माझा मोठ्याने. त्याच्या दंडावर मी हातमोज्यातलं बोट दाबलं. लाल कातडी पांढरी पडली, बोट उचलल्यावर पुन्हा लाल झाली. रक्त फिरत होतं. त्याने माझ्या सात पिढ्या काढल्या.

"काढ, आणखी काढ," मी म्हटलं. "आजी राहिली अजून."

मग थोरल्याकडे गेले. कपडे कापले. बोट सुजायच्या आत अंगठी काढून ठेवली. छाती, पोट, पाठ, मांड्या, सगळी कातडी पांढरट, मध्येमध्ये तपकिरी, आणि जुन्या चपलेच्या तळासारखी कडक. बोट दाबलं, रंग बदलला नाही. सुई टोचली.

"काही कळतंय?"

"काय कळायचंय?" त्याने विचारलं.

रोग्याचा तळहात म्हणजे त्याच्या अंगाचा एक टक्का, असा आमचा मोजायचा हिशेब. त्याचा तळहात मी नजरेनेच अंगभर फिरवला आणि अर्ध्याच्या बरंच पुढे गेल्यावर आकड्याला काही अर्थ उरला नाही. नाकातले केस करपले होते. थुंकी काळी होती.

"आवाज नेहमीच असा घोगरा आहे का रे तुझा?"

"नाही, सिस्टर. आज जरा बसलाय. धूर गेला असेल." मग म्हणाला, "तो भोंगा बघा, त्याचा कधी बसत नाही."

मी हसले. हसू यावं असं त्यात होतं काहीतरी, आणि त्याचाच मला राग आला. सलाईन जोरात सोडलं, लघवीची नळी घातली, गरम चादर टाकली आणि डॉक्टरांना बोलवायला गेले.

तेवढ्यात त्यांची आई आली. कुठेतरी भांडी घासत होती, तशीच निघून आली होती. बाह्या ओल्या, हातांना साबणाचा वास. मी तिला गाऊन चढवला, टोपी घातली. ती आधी थोरल्याकडे गेली, हे तिच्या बाजूने सांगायलाच हवं.

"दुखतं का रे?"

"नाही, आई. अजिबात नाही. त्याच्याकडे बघ तू."

तिचा जीव भांड्यात पडला. तिने माझ्याकडे बघितलं आणि अभिमानाने म्हणाली, "हा लहानपणापासून असाच, सिस्टर. सोशिक." मग पडद्यापलीकडे जाऊन भोंग्याच्या उशाशी बसली आणि तिथेच राहिली.

सोशिक हा शब्द मला मुळीच आवडत नाही. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही म्हणतात, आणि त्या घरात एकाने रडायचं आणि दुसऱ्याने सोसायचं अशी वाटणी केव्हाच होऊन गेली होती. यात तिचा दोष नव्हता. दोन हात, दोन पोरं, नवरा नाही. ज्याचा आवाज येतो तिकडे माणूस धावतं.

डॉक्टरांनी थोरल्याच्या घशात बॅटरी मारून बघितलं आणि मला बाजूला घेतलं. "घसा सुजत चाललाय. श्वासाची नळी आत्ताच घालायला हवी, नाहीतर जागाच राहणार नाही. नळी गेली की झोपेतच ठेवू." त्यांनी बॅटरी खिशात टाकली. "पुन्हा उठेल असं मला वाटत नाही, सिस्टर. नळीची तयारी होईपर्यंत आईला बोलू दे त्याच्याशी."

मी पडद्यापलीकडे गेले. ती भोंग्याच्या कपाळावरून हात फिरवत होती. त्याला इंजेक्शन दिलं होतं, पण ते अजून पुरतं चढलं नव्हतं.

"ताई, जरा थोरल्याकडे चला."

"तो बरा आहे. विचारलं मी त्याला."

"तरी चला."

"सिस्टर, याचं ओरडणं ऐकू येत नाही का तुम्हाला? या अवस्थेत याला सोडून जाऊ?"

माझ्या जिभेला हाड नाही, असं आमच्याकडे सगळे म्हणतात. असल्या गोष्टी बाहेर नेऊन, बाकावर बसवून, पाणी देऊन सांगायच्या असतात. पण पाणी द्यायला वेळ नव्हता. मी तिचा दंड धरला, तिला उभं केलं, दोन खाटांच्या मधे ओढत नेलं आणि हळू आवाजात सांगितलं, "ताई, जो ओरडतोय तो जगणार आहे. दुसऱ्याची कातडी मेली आहे, म्हणून त्याला दुखत नाही. आता त्याच्या घशात नळी घालतील. मग तो बोलणार नाही. बहुतेक कधीच नाही. काय बोलायचं ते आत्ता बोला."

तिने दंड सोडवून घेतला. मला वाटलं, ही आता मला मारणार. मारलं असतं तर मी काही म्हटलं नसतं. पण ती थोरल्याच्या खाटेशी गेली आणि हात पुढे करून उभी राहिली. हात कुठे टेकवावा तेच तिला कळेना.

"कुठे लावू?" तिने मला विचारलं.

मी पायांकडे गेले. घाईत पायांतच राहिलेले जाड चामड्याचे बूट करपले होते, आत मात्र काही झालं नव्हतं. मी बूट कापून काढले. दोन्ही पावलं धडधाकट होती, गरम होती. "इथे," मी म्हटलं.

ती पायथ्याशी बसली आणि तिने दोन्ही पावलं हातांत धरली.

"आई, पाय काय धरतेस," तो म्हणाला. आवाज आता अगदी खरखरीत झाला होता. "उलटंच झालं हे."

"गप बस. दुखतं का तुला?"

"नाही म्हटलं ना."

"तापाने फणफणलास तरी नाहीच म्हणायचास."

"या वेळी खरंच नाही गं. सिस्टरना विचार."

तिने माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. ती पुन्हा खाली बघायला लागली. त्याच्या करंगळ्यांवर, टाचांवर जुने घट्टे आणि फोड होते, काही फुटून बरे झालेले, काही अजून ओले. ती त्यांवरून अंगठा फिरवत होती.

"हे बूट घट्ट होते तुला?"

"थोडे."

"कधीपासून?"

तो हसला असावा. चेहरा सुजल्यामुळे नीट कळलं नाही. "आणलेस तेव्हापासून."

"मग बोलला का नाहीस मेल्या," ती म्हणाली.

पडद्यापलीकडून भोंगा ओरडला, "आई! आई, कुठे गेलीस?" ती अर्धी उठली. सवयच होती ती, पायांनाच लागलेली. थोरल्याने तिच्याकडे बघितलं. आता हा 'जा' म्हणणार, याची मला खात्री होती. त्याने जन्मभर तेच म्हटलं असणार.

"थोडं बस," तो म्हणाला. "मग जा."

ती बसली. भोंगा हाका मारत राहिला आणि ती हलली नाही. डॉक्टर नळी घेऊन आले तेव्हा मीच तिची बोटं एकेक करून सोडवली.

थोरल्याने आठवडा काही काढला नाही.

भोंग्याला लगेच सांगितलं नव्हतं. ताप उतरला, जखमांना तांबूस रंग आला, मग आईनेच सांगितलं. त्यानंतर त्याने मला एकही शिवी दिली नाही.

ड्रेसिंग बदलताना नातेवाइकांना आत घेत नाही. आई रोज दाराबाहेर बाकावर बसायची आणि तो आतून बोंबलायचा. आधी इंजेक्शन देऊनसुद्धा चिकटलेली पट्टी सुटताना दुखतंच, त्याला इलाज नाही. सांगितल्यानंतरच्या पहिल्या ड्रेसिंगला मी पाणी ओतून पट्टी भिजवली, सोडवायला लागले, आणि खोलीत हूं नाही की चूं नाही. वर बघितलं तर त्याने टॉवेल दातांत धरला होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"हे काय नाटक?" मी म्हटलं.

त्याने टॉवेल जरा सोडला. "दादा नाही ओरडला."

"गाढवा, त्याला दुखत नव्हतं," मी म्हणणार होते. तेवढ्यात दार धाडकन उघडलं आणि आई आत आली. गाऊन नाही, टोपी नाही, चपला तशाच. मी ओरडायला तोंड उघडलं आणि तिचा चेहरा बघून मिटलं. बाहेर तिला आवाज ऐकू आला नव्हता.

ती थेट त्याच्या पायांशी गेली आणि तिने दोन्ही पावलं घट्ट धरली.

"दुखतं का?"

त्याने मान हलवली. नाही.

तिचा चेहरा पांढराफटक पडला. "ओरड," ती म्हणाली.

"आई, बाजूला पेशंट आहेत."

"असू देत. ओरड तू. मला ऐकू दे."

मी हातमोज्यातलं बोट त्याच्या दंडावरच्या नव्या कातडीवर टेकवलं आणि दाबलं. ती पांढरी पडली, पुन्हा लाल झाली, आणि भोंगा असा ओरडला की बाजूच्या खोलीतल्या सिस्टर धावत आल्या. आई त्याची पावलं धरून उभी होती आणि मान डोलावत होती, हो, हो, अजून.

मी तिला बाहेर काढलं नाही. पुढची पट्टी भिजवायला घेतली.