वहिनींनी काढलेलं माप

सकाळची भांडी आवरून वहिनी परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये शिरल्या. पाडलेल्या घरांच्या विटांचा ढीग तिथे पडलेला असे. त्या फोडायच्या, छोट्या चक्कीत दळायच्या आणि भुकटी फडक्यातून चाळायची. दुपारी त्या जेवायला येत तेव्हा पापण्यासुद्धा लाल झालेल्या असत. जाऊ म्हणायची, "आधी अंग झटका, मग आत या."

वहिनींचा नवरा वारल्याला सहा वर्षं झाली होती. धाकटा दीर गवंडी. त्याने त्यांना घरात ठेवून घेतलं, म्हणून चारचौघांत त्याचं नाव निघे. "घरात नुसतं बसून त्यांनाही करमत नाही," असं तो सांगायचा. वहिनींना करमतं की नाही, हे कुणी विचारलं नव्हतं.

बांधकामाच्या मालात सिमेंट कमी करून ही भुकटी घालायची, ही कल्पना त्याची होती. पहिले तीन गिलावे भेगाळले. तेव्हा वहिनीच म्हणाल्या, "भावोजी, भुकटी जाड राहते. पिठासारखी चाळून बघू का? आणि सिमेंटच्या चार घमेल्यांतलं एकच काढा, पाणी जरा बेतानं घाला." चौथा गिलावा धरला.

एकदा त्यांनी विचारलं होतं, "साइटवरच्या माणसांना तोंडाला बांधायला देता, तसलं एखादं मला आणाल?"

"आणतो की," तो म्हणाला, आणि विसरला. साइटवर तपासणी होत असे. परसात कोण येणार होतं?

प्रयोगशाळेत त्या मालाचे ठोकळे अठ्ठावीस दिवसांनी दाबून पाहिले. ते निव्वळ सिमेंटच्या ठोकळ्यांच्या जवळपास उतरले. तिथल्या इंजिनिअर बाई घरी आल्या. "इतकी बारीक भुकटी काढलीत कशी?"

"हाताचा गुण, दुसरं काय!" गवंडी हसला. चहाचा ट्रे घेऊन वहिनी दारातच उभ्या होत्या. त्यांनी कप ठेवले आणि आत गेल्या. त्याला त्यांच्याकडे बघवलं नाही.

पुढे वहिनींना दाराच्या तीन पायऱ्या चढताना धाप लागू लागली. खोकला महिनाभर हटला नाही, तेव्हा तो त्यांना दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरला.

"या कुठल्या खाणीत कामाला होत्या?"

"छे हो. घरीच असतात."

"मग घरात खाण उघडलीत का?"

गवंड्याची मान खाली गेली. झालेलं नुकसान भरून येणार नव्हतं. फार तर वाढायचं थांबलं असतं. शेडला त्याच दिवशी कुलूप लागलं. पण कुलपाने त्याच्या जिवाला स्वस्थता मिळेना. भिंतीपलीकडून खोकला ऐकू आला की त्याचा घास तोंडातच फिरायचा.

पंधरवड्याने प्रशिक्षण केंद्रात चाळीस गवंड्यांपुढे त्याचं प्रात्यक्षिक ठरलं. घमेली मांडली होती, इंजिनिअर बाई पहिल्या रांगेत होत्या. मागून कुणी विचारलं, "पण हे दळत कोण बसणार?"

"घरच्या बायका आहेत की! फावल्या वेळात दळतील," दुसरा म्हणाला. सगळे हसले.

गवंड्याने हातातली थापी खाली ठेवली.

"माझ्या घरी वहिनींनी दळलं," तो म्हणाला. "माप त्यांनी काढलं, नाव मी लावून घेतलं. त्यांची छाती या धुळीनं भरली. त्यांनी मागितलेली चार पैशांची पट्टी मी आणली नाही, कारण त्या घरच्या होत्या. हे दळण बंद यंत्रात, पाणी मारून, मजुरी देऊन होणार असेल तरच पुढे बोलतो. कुणाच्या परसात होणार असेल तर माप मिळणार नाही."

चार-पाच जण उठून गेले. बाकीचे बसून राहिले.

घरी येऊन त्याने सगळं सांगितलं. वहिनींनी ऐकून घेतलं.

"चाळीस जणांपुढे बोललात. मला कधी विचारणार?"

"काय विचारू, वहिनी?"

"माप मी काढलंय. ते मी सांगेन."

पुढच्या वर्गात गवंड्यांपुढे खुर्चीवर वहिनी बसल्या. "सिमेंटच्या चार घमेल्यांतलं एक काढून... एक घमेलं भुकटी... पण ती..." श्वास अडकला. सवयीने गवंडी त्यांचं वाक्य पुरं करायला पुढे झाला. वहिनींनी हात वर केला.

तो मागे सरला. त्यांचा श्वास परत येईपर्यंत सगळी खोली थांबली, आणि त्यांचं ते एक वाक्य, लागेल तितका वेळ लागू देऊन, त्याने पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकलं.