गालिच्याखालची जिजा

"काका, हे पुसा आणि साहेबांचा चेहरा काढा. गाडी निघालीय तिकडून," अल्पेश म्हणाला.

शत्रुघ्न उकिडवाच बसून राहिला. जूचंद्रच्या शाळेत, मंचासमोरच्या फरशीवर त्याने खपून रांगोळी काढली होती: टँकरमागे रिकामा हंडा घेऊन उभी असलेली त्याची बायको, जिजा. एरवी तो गोखिवऱ्याच्या कारखान्यात पत्रे कापायचा; पण चिमटीत रंग आला की माणूस जिवंत करायचा. इतकी वर्षं सव्वीस जानेवारीच्या प्रदर्शनात त्याने पाहुणे म्हणून येणाऱ्या पुढारी साहेबांचीच थोबाडं काढली. दरवेळी साहेब नवा, हसू तेच. यंदा जिजाच म्हणाली होती, "त्यांना रंगवता, मला कदी रंगवाल?"

"पुसनार नाय," तो म्हणाला.

"पुढच्या वर्षी जागा मिळणार नाही हां."

"नको देऊस."

अल्पेश प्रदर्शन भरवणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष. कालपर्यंत साहेबांची पोस्टरं चिकटवत होता, आज कमरेला मोबाइल. अक्कल तेवढी यायची राहिली होती. त्याने लाल गालिचा मागवून जिजावर अंथरला. झाकलं की संपलं, एवढीच त्याची झेप! लोकांनी तिला एकदा बघावं, एवढंच शत्रुघ्नला हवं होतं.

साहेब आले. गालिच्यावर उभे राहून घटनेवर बोलले. बोलण्याचं स्वातंत्र्य, सरकारला जाब विचारण्याचा हक्क! आणि बुटांखाली जिजा. वा रे वा!

मग शाळेतल्या मुलांची बक्षिसं सुरू झाली. पहिलं नाव तेजस्वीचं. ती गालिच्याच्या काठाशी येऊन थांबली. तिच्यानंतर नाव पुकारलेलेही तिथेच थांबले. रांगोळीवर पाय द्यायचा नाही, हे जूचंद्रात पोर चालायला लागलं की शिकतं. आणि खाली काय आहे, ते साऱ्या गावाला ठाऊक होतं.

"या ना पुढे!" ढाल हातात धरून साहेब बोलावत राहिले.

लोकांत मागे बसलेली जिजा उठली. "कशी येतील? तुमच्या पायाखाली मी हाय, सायेब. रिकामा हंडा घेऊन."

कोणी हसलं नाही. साहेबांनी एक पाय उचलला. तो कुठे ठेवावा, ते काही त्यांना कळेना. शेवटी ढाल अल्पेशच्या हातात कोंबून ते निघाले.

गालिचा काढला. हंडा शाबूत होता, जिजाचं तोंड तेवढं फिसकटलं होतं. शत्रुघ्नने चिमटीत रंग घेतला.

"बस समोर."

जिजा पदर सारखा करून बसली. भोवती गाव उभं होतं. घरी कोणीच गेलं नाही.