पिवळ्या तबकड्या

घड्याळजी दुकानात शिरले ते भिंतीकडे बघतच.

"तुमच्याही घड्याळाची तबकडी पिवळी पडली की," ते म्हणाले. "आमच्याकडच्या तर सगळ्याच पडल्यात. आठवडाभरात काय झालंय कळत नाही."

सूनबाईनं वळून पाहिलं. तबकडी पांढरीस्वच्छ होती.

पुढचा काउंटर तिचा. फार्मसी शिकलेली, गोळ्या आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या सांभाळणारी. मधे जाड पडदा. पडद्यामागं तिचे सासरे, वैद्य. त्यांचे लाकडी खण, खलबत्ता, वाळल्या मुळ्यांचा वास. लग्नानंतर पहिल्याच वर्षी दोघांची एका चूर्णावरून जुंपली, तेव्हा नवऱ्यानं तोड काढली होती: कुणी कुणाच्या औषधात नाक खुपसायचं नाही. नऊ वर्षं दोघांनी ते पाळलं. घरात गोडीगुलाबी, दुकानात पडदा.

"बरं वाटत नाही का?" तिनं विचारलं.

"जेवण जात नाही. पायात जीव नाही. वय झालं, दुसरं काय." घड्याळजी काउंटर धरून उभे होते. "द्या माझ्या नेहमीच्या."

नेहमीच्या म्हणजे हृदयाची गोळी आणि सूज उतरवणारी लघवीची गोळी. तिनं पाकिटं काढली आणि हातातच धरून ठेवली. हृदयाच्या त्या गोळीचं विष चढलं की पिवळं दिसतं, हे ती पुस्तकात शिकली होती. माणसात कधी पाहिलं नव्हतं.

"गोळ्या जास्त नाही ना घेतल्या?"

"छे. एकच."

"मग दुसरं काही घेता?"

घड्याळजींनी चोरून पडद्याकडे पाहिलं आणि खिशातून छोटी बरणी काढली. "खोकल्याला वैद्यबुवांचं चाटण. तुम्हाला राग येईल म्हणून अळीमिळी गुपचिळी. गोड आहे, काम करता करता बोट चालूच असतं. तिसरा महिना हा."

तिनं वास घेतला. ज्येष्ठमध. लघवीच्या गोळीनं अंगातलं पोटॅशियम जातच होतं, ज्येष्ठमधानं उरलंसुरलंही नेलं. आणि ते कमी झालं की हृदयाची तीच गोळी, तेवढीच, जिवावर उठते.

नऊ वर्षांत पहिल्यांदा तिनं पडदा सारला. "मामंजी, जरा बाहेर या."

ऐकून ते हसले. "ज्येष्ठमध? अगं, तान्ह्या पोरांना चाटवतात ते." बोलता बोलता त्यांनी घड्याळजींचं मनगट धरलं. हसू हळूहळू मावळलं.

"दोन ठोके आणि एक खाडा," ते म्हणाले. "हा पुन्हा खाडा. गाडी बोलव."

"गाडी कशाला?" घड्याळजी विचारत राहिले.

दवाखान्यात त्यांना यंत्राला जोडलं. वाचतील बहुतेक, डॉक्टर म्हणाले. उद्यावर ढकललं असतं तर सांगता आलं नसतं.

परतल्यावर वैद्य सुनेच्या स्टुलावर बसले. "दिवसातून दोनदा, बोटभर, असं सांगितलं होतं मी. अति तिथं माती."

"आणि मी कधी विचारलंच नाही," ती म्हणाली. "मामंजी, हे चाटण आणखी कुणाला दिलंय?"

ते काही लिहून ठेवत नसत. डोळे मिटून एकेक माणूस आठवू लागले: निवृत्त पोस्टमन, शिंप्याची बहीण, वरच्या मजल्यावरचे काका. ती प्रत्येकाच्या चिठ्ठ्या कॉम्प्युटरवर शोधत होती. अकरांपैकी तिघांना त्याच दोन गोळ्या चालू होत्या. पोस्टमननं फोन उचलला. शिंप्याच्या बहिणीनंही. तिसऱ्या होत्या गाणं शिकवणाऱ्या बाई, दोन गल्ल्या पलीकडे एकट्या राहणाऱ्या. घंटा वाजून वाजून थांबली. तिनं पुन्हा लावला.

"पंधरवड्यापूर्वी दोन बरण्या नेल्या त्यांनी," वैद्य म्हणाले आणि चपला शोधू लागले.

शेजारणीकडे किल्ली होती. "कालपासून आवाज नाही," ती म्हणाली. "मला वाटलं, भाच्याकडे गेल्या असतील."

बाई खुर्चीत होत्या, मान एका बाजूला कललेली. वैद्यांनी हात लावला आणि लगेच मागं घेतला. शेजारीण रडत जिन्याकडे धावली.

टेबलावर एक बरणी रिकामी होती, दुसरी अर्धी. वैद्यांच्या अक्षरातली चिठ्ठी तिच्यावर चिकटवलेली. सूनबाईनं ती अर्धी बरणी उचलली, झाकण लावलं, आणि तिचा हात आपोआप पर्सकडे गेला.

"ठेव ती," सासरे म्हणाले. "होती तिथंच ठेव. येतील त्यांना दिसू दे."