गोळ्याखालचा पत्रा

दुष्काळाच्या त्या वर्षी तिसगावच्या एका डॉक्टरांकडे लष्कराच्या लिलावात घेतलेली जीप होती आणि ती कारभारी चालवत असे. डोंगरकडेच्या वस्त्यांवरून रोगी आणायचे, औषधं पोचवायची, हे तिचं काम. सगळ्या वस्त्यांवर ती जाई. फक्त डोंगरवस्तीवर जात नसे. वस्तीच्या अलीकडे एक कोरडा ओढा आहे. कारभारी त्याच्या काठावर गाडी उभी करून हॉर्न वाजवी, आणि वस्तीवरची माणसं रोग्याला बाजेवर घालून ओढा ओलांडून आणत. असं का, हे त्याला कोणी विचारत नसे. सगळ्यांना माहीत होतं.

आदल्या हिवाळ्यात तो मनकर्णाला घेऊन याच ओढ्यातून येत होता. ती भागूबाईची थोरली सून. पहिलंच बाळंतपण, आणि अडलेलं. ओढ्यात उतरायला आणि चढायला एकच वाट, दोन्ही बाजूंना दरडी, आणि वाटेच्या मधोमध अर्धा वाळूत रुतलेला काळा धोंडा. कारभारीनं नेहमीसारखा तो दोन चाकांच्या मध्ये घेतला. जीपच्या मागच्या आसावर मधोमध दातेरी चाकांचा लोखंडी गोळा असतो. मेकॅनिक त्याला डिफरन्शियल म्हणतात, ड्रायव्हर नुसतं गोळा म्हणतात. गाडीत सगळ्यात खाली लोंबतो तो हाच. त्या दिवशी मागं माणसं जास्त बसली होती. गोळा धोंड्यावर आपटला आणि फुटला. तेल धोंड्यावर सांडलं, आतले दाते तुटले, चाकं फिरेनाशी झाली. माणसं बाज आणायला वस्तीकडे पळाली. बाज येईपर्यंत जीपच्या सावलीतच मनकर्णाचा जीव गेला. मूल पोटातच राहिलं.

बाळंतपणात गेलेली बाई वाट सोडत नाही, तिला बसायला जागा द्यावी लागते, असं तिकडे मानतात. तेरावा झाल्यावर भागूबाई शेंदूर घेऊन ओढ्यात आली. घरात गोड्या तेलाचा थेंब नव्हता. धोंड्याच्या खळग्यात गोळ्यातलं तेल साचलेलं होतं, काळं आणि काकवीसारखं घट्ट. तिनं त्यातच शेंदूर कालवला आणि धोंड्याला फासला. तो शेंदूर पुढे कधी वाळला नाही. बोट लावलं की बोटाला येई, आणि वास गाडीचा येई.

दुष्काळी कामाची टोळी खडी फोडत ओढ्यापर्यंत आली, तेव्हा वाटेतले सगळे दगड फुटले. तेवढा एक राहिला. मुकादमानं हात जोडले आणि टोळी पुढे नेली. वस्तीनं वाटेचा नियम ठरवला: बैलगाडी असो की आणखी काही, धोंडा पोटाखालून घालायचा, त्याच्यावर चाक ठेवायचं नाही.

माघ सरत आला तेव्हा भागूबाईची धाकटी सून पुष्पावती भरल्या दिवसांची होती. दोन्ही मुलगे कोयता घेऊन कारखान्यावर गेले होते. डॉक्टरांनी पुष्पावतीला तपासलं तेव्हा मूल आडवं लागलं. कळा सुरू झाल्या की लगेच दवाखान्यात आणा, नाहीतर दोघांतलं कोणी हाती लागणार नाही, असं त्यांनी भागूबाईला स्पष्ट सांगितलं. पण बाज उचलायला वस्तीवर पुरुष उरले नव्हते. होते ते सगळे उसावर, आणि मागं राहिलेले म्हातारे स्वतःच काठीवर. जीप ओढा ओलांडून दारापर्यंत न्यावी लागणार होती.

कारभारीनं नाही म्हटलं नाही. गोळ्याखाली पत्रा बसवून द्या, एवढंच तो म्हणाला.

डॉक्टरांनी त्याला नगरला सहादेव फिटरकडे पाठवलं. लष्कराच्या भंगाराचे व्यापारी जिथे बसतात त्याच गल्लीत सहादेवचं वर्कशॉप होतं. माणूस हुशार, बडबड्या, आणि आपल्या कामापुढे दुसऱ्याचं काम न मानणारा. जाण्याआधी कारभारी ओढ्यावर जाऊन आला होता. धोंड्याशेजारी बाभळीचा सरळ फोक उभा धरून त्यानं धोंड्याच्या माथ्याबरोबर तो तोडला होता. ती काठी त्यानं सहादेवपुढे ठेवली. हिच्यावरून गोळा गेला पाहिजे.

सहादेवनं दोन पत्रे काढले. एक चिलखती गाडीचा तुकडा, करंगळीपेक्षा जाड, ज्याला भोक पाडताना गिरमिटाची धार जाते. दुसरा ट्रकच्या चासीचा, त्याच्या निम्म्यानं पातळ. जाड पत्रा बसवला तर कशावरही आपटा, गोळ्याला धक्का नाही. पण तो जाड, आणि गोळ्याच्या आकाराला नीट वळत नाही, म्हणून बराच खाली येतो. काठीवरून जेमतेम नखभर अंतर राहतं. पातळ पत्रा दोन बोटं वर राहतो, धोंड्याला लागणार नाही. पण लागलाच तर आत वाकेल आणि गोळ्यालाच दाबेल. सहादेवचं मत पातळ पत्र्याचं होतं. मार खाण्यापेक्षा चुकवलेला बरा, हा त्याचा हिशेब.

कारभारीनं जाड पत्रा मागितला.

सहादेवनं तो बसवला. पुढची कड वर वळवली, म्हणजे दगडावर अडकण्याऐवजी घसरेल. तेल सोडायच्या बुचासाठी भोक ठेवलं. पत्रा आणि गोळा यांच्यात बोटभर मोकळी जागा ठेवली. मग जीप सपाट फरशीवर आणून काठी खालून घातली. काठी नखभर अंतरानं मोकळी गेली. दोघांनीही वाकून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कारभारी रिकामी जीप घेऊन ओढ्यात उतरला. धोंड्याच्या अलीकडे वाळू घट्ट आणि सपाट होती. तिथे त्यानं गाडी थांबवली, उतरला, आडवा झाला, आणि काठी गोळ्याखाली उभी करू लागला. काठी शिरेना. तिरकी करून रेटली तर पत्र्याला कचकन अडकली. त्यानं मागं जाऊन पाहिलं. बाकं रिकामी होती. टायरमध्ये हवा होती. तरी मागचे टायर दबलेले होते, मागं माणसं बसल्यावर दबतात तसे. डाव्या बाजूचा जास्त. मनकर्णाला डाव्या बाकावर निजवलं होतं.

तो बराच वेळ जीपपासून लांब, दरडीच्या सावलीत उभा राहिला. ओढ्यात वारा नव्हता. गिअरच्या तेलाचा वास येत होता, आणि तो गाडीचा नव्हता, कारण तो धोंड्याच्या बाजूनं येत होता.

गाडी मागं घेऊन तो थेट नगरला गेला. सहादेवनं त्याच फरशीवर तीच काठी घातली. काठी मोकळी गेली.

“काठीला पाणी घालतोस काय रे?” सहादेव म्हणाला. “दुष्काळात सगळं वाळतंय, आन् हिला तेवढं वाढायचं सुचतंय.”

कारभारीनं वास सांगितला नाही. दबलेले टायर आणि डावी बाजू सांगितली. सहादेवनं हसणं थांबवलं नाही, पण मागचे टायर उकलून दोन्ही ट्यूबा पाण्यात घालून पाहिल्या. एकही गळत नव्हती. हात पुसत त्यानं विचारलं, की धोंडा एवढा नडतो तर डावं चाक त्याच्यावरूनच का नेत नाहीस? चाक वर चढलं की आस चढतो, आसाबरोबर गोळा चढतो. खडकाळ रस्त्याला लष्करातले ड्रायव्हर तेच करतात. दगड पोटाखाली घेणं हीच मुळात चूक.

“त्याच्यावर चाक ठेवत न्हाईत,” कारभारी म्हणाला.

“का?”

“ती तिथं बसलीय.”

सहादेवनं पाना उचलला. जाड पत्रा काढून त्यानं पातळ बसवला, आणि न सांगता मागच्या टायरांत हवा वाढवली.

पातळ पत्र्यानं काठी ओढ्यातही गेली. दोन बोटं अंतर फरशीवर होतं. ओढ्यात ते कागदाएवढं राहिलं. पण गेली. कारभारीनं तेवढ्यावर मन घट्ट केलं. रिकाम्या गाडीला एवढं राहतं, तर भरल्या गाडीला काय राहील, हा विचार तो रोज करायचा आणि रोज अर्ध्यात सोडायचा.

फाल्गुन लागला आणि एका सकाळी वस्तीवरून निरोप आला. कारभारी ओढ्यात उतरला, धोंडा दोन चाकांच्या मध्ये धरला, आणि श्वास रोखून पुढे गेला. खाली काही लागलं नाही. वस्तीवर पुष्पावती दारात भिंतीला टेकून बसली होती, ओठ पांढरे पडलेले. तिला मागच्या बाकावर निजवलं. कारभारीनं बोट दाखवलं नव्हतं, तरी बायकांनी तिला उजव्या बाकावरच ठेवलं. डाव्या बाकावर कोणी बसलं नाही. भागूबाई मधल्या जागेत, तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली.

ओढ्याच्या उतारावर जीपचं मागचं अंग दबलं. कारभारीला ते पाठीतून कळलं. धोंड्याच्या हातभर अलीकडे त्यानं ब्रेक दाबला, उतरला, काठी घेऊन खाली वाकला. काठी निम्म्यातच अडली. दोन बायकांचं एवढं वजन होत नाही. शिवाय टायरांत हवा वाढवलेली होती. पत्रा धोंड्यावर टेकणार होता, टेकला की आत वाकणार होता, आणि मग सगळं तसंच होणार होतं: तेल, तुटलेले दाते, जीपची सावली. मागं फिरण्यातही अर्थ नव्हता. मागं वाट म्हणजे पुन्हा वस्तीच. पुष्पावती एकदा ओरडली आणि मग दात आवळून गप्प झाली.

भागूबाईनं मागून विचारलं, किती कमी पडतंय. त्यानं हाताची चार बोटं दाखवली.

ती सुनेचं डोकं हळूच बाकावर ठेवून उतरली. तिच्या उतरण्यानं गाडी तसूभरही वर आली नाही. तिनंही ते पाहिलं. डाव्या बाजूच्या दबलेल्या टायरकडे ती थोडा वेळ बघत राहिली, जसं उंबऱ्यात कोण येऊन उभं राहिलंय ते बघावं. मग ती धोंड्यापाशी गेली. वाळकं फूल आणि नारळाची करवंटी तिनं उचलून बाजूला ठेवली, आणि पदरानं धोंड्यावरची धूळ पुसली.

“चाक ठेव,” ती म्हणाली.

कारभारी एक पाऊल मागं सरला.

“मावशी, मी तिच्या अंगावर चाक...”

“ठेव म्हन्ते ना. धाकटी आली तवा न्हाणीत पानी काढून द्यायची ती तिला. हिचं वजन तिला जड न्हाई.” मग धोंड्याकडे वळून, घरात हाक मारावी तेवढ्याच आवाजात ती म्हणाली, “मनकर्णे, सर जरा. पुष्पीला जाऊ दे.”

कारभारीनं जीप किंचित मागं घेतली, चाकं वळवली आणि पुढचं डावं चाक धोंड्यावर चढवलं. गाडी तिरपी झाली. पुढचं चाक उतरलं. मागचं डावं चाक चढलं, आणि त्याबरोबर आस, गोळा, पातळ पत्रा, सगळं वर उचललं गेलं. खाली कसलाच आवाज झाला नाही. चाक पलीकडे उतरलं तेव्हा तेवढा एक ओला आवाज आला, चिखलातून पाय काढल्यासारखा. त्या वर्षी त्या ओढ्यात चिखल नव्हता.

भागूबाई गाडीत बसली नाही. वजन वाढवायचं नाही, तू हो पुढं, मी येते मागनं, असं तिनं हातानंच सांगितलं.

चढ चढून कच्च्या रस्त्याला लागल्यावर कारभारीनं आरशात पाहिलं. पुष्पावती डोळे मिटून पडली होती. गाडीच्या मागं, पांढऱ्या फुफाट्यात, चाकाच्या दर फेऱ्याला एक तांबडा ठसा उमटत होता. न वाळलेला शेंदूर टायरला धरला होता. पुढच्या वळणावर ठसा फिकट होईल असं त्याला वाटलं. पुढच्या वळणावरही तो तसाच होता, पावलासारखा एकामागे एक. तिसगावच्या वेशीत शिरताना त्यानं आरसा वळवून ठेवला.

डॉक्टर दारातच उभे होते. पुष्पावतीला आत नेलं. कारभारी जीपपाशी राहिला. बऱ्याच वेळानं त्याला सवयीनं काठी आठवली. खाली वाकून त्यानं ती गोळ्याखाली उभी केली. दोन बोटं अंतर होतं. टायर घट्ट फुगलेले होते. मागचं अंग, माणूस उतरल्यावर होतं तसं, हलकं झालं होतं.

ऊन कलल्यावर डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं की मुलगा झाला, फिरवून काढावा लागला, आई शुद्धीवर आहे. त्यानंतर थोड्या वेळानं भागूबाई रस्त्यानं चालत आली. मान खाली घालून, ठसे बघत बघत. शेवटचा ठसा दवाखान्याच्या पायरीपाशी होता. तिथे ती थांबली. तिची पावलं धुळीनं भरली होती. मूल झालं का, काय झालं, हे तिनं विचारलं नाही.

“दोघी पोचल्या का?” तिनं विचारलं.

गाडीत बाई एकच होती. कारभारीनं पायरीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“पोचल्या,” तो म्हणाला.